फुकट ते पौष्टिक? फ्रँकफर्टच्या पुस्तक मेळ्यात या चुका टाळा

पहिल्या वर्षी फ्रँकफर्टच्या बुकमेसेहून (म्हणजे जर्मनीतल्या या पुस्तक मेळ्याहून) परतताना माझ्या बॅगेत ११ किलो नुसता कागद होता. हे कळलं विमानतळावर. काउंटरवरच्या बाईंनी काट्याचा आकडा मला दाखवला आणि एक शब्द न बोलता पलीकडच्या बाकाकडे बोट केलं. त्या बाकावर बॅग उघडली, तेव्हा मी काय काय गोळा केलंय ते पहिल्यांदा धड दिसलं. एकाच प्रकाशकाचा कॅटलॉग तीनदा, मला वाचता न येणाऱ्या भाषेतल्या दोन जाडजूड कादंबऱ्या, सात कापडी पिशव्या आणि पोटावर कुठल्याशा छपाई कंपनीचं नाव असलेलं एक पिवळं रबरी बदक. निम्मं तिथेच कचऱ्यात टाकलं, उरलेलं पुण्याला आणलं. आमचे अप्पा (प्रकाशनाचे मालक, पण ऑफिसात सगळे अप्पाच म्हणतात) टेबलावरच्या ढिगाकडे बघून म्हणाले, "अगं, पुस्तकं आणलीस की रद्दी?"

रद्दीच होती. कामाला आली ती त्यातली दोन पानं.

त्यानंतर चार वेळा जाऊन आले. फुकट घेण्याला माझा विरोध नाही, आजही हात शिवशिवतातच. पण तिथे नव्याने जाणारी मराठी मंडळी त्याच त्या चुका करताना दिसतात, म्हणून हे लिहितेय.

वार न बघता हिंडणं

मेळा ऑक्टोबरात भरतो, बुधवार ते रविवार. प्रदर्शक ४,००० हून जास्त, आणि त्यातले बहुतेक पुस्तकं विकायला आलेलेच नसतात. ते विकतात हक्क: अनुवादाचे, ऑडिओचे, सिनेमाचे. आपल्याकडच्या पुस्तक प्रदर्शनाची सवय असलेल्या माणसाला हे पचायला एक दिवस जातो. स्टॉलवर छोटी छोटी टेबलं, दर अर्ध्या तासाला समोरचा माणूस बदलतो, आणि या भेटी काही महिने आधी ठरलेल्या असतात.

त्यामुळे कुठल्या दिवशी काय मिळतं, हे पक्कं ठरलेलं आहे. सुरुवातीच्या दिवसांत कॅटलॉग, हक्कांच्या याद्या आणि ज्याच्याशी बोलायचं तो माणूस, हे तिन्ही जागेवर असतात. शनिवार-रविवारी सामान्य वाचकांचा लोंढा येतो, ‘मांगा’ या जपानी चित्रकथांमधल्या पात्रांचे वेश करून पोरं येतात, आणि मग पोस्टर, स्टिकर, बुकमार्क, बिल्ले सुटतात. हक्कांचे व्यवहार बघणारे परदेशी राइट्स मॅनेजर तोवर घरी परतलेले असतात. मी पहिल्या वर्षी नेमकं उलटं केलं: बुधवारी बिल्ले शोधत हिंडले आणि रविवारी हक्कांची यादी मागायला गेले. स्टॉलवर एक कॉलेजातला मुलगा बसला होता. त्याने मला मोठ्या प्रेमाने चॉकलेट दिलं.

आणखी एक. टेबलावर भेट चालू असताना मध्येच हात घालून पिशवी किंवा कॅटलॉग उचलू नका. तिथे कुणाच्या तरी वर्षभराच्या कामाचं बोलणं चाललेलं असतं. बाहेरच्या कडेला ठेवलेलं असेल तर खुशाल घ्या, आतल्या टेबलावरचं असेल तर थांबून विचारा.

कॅटलॉग वजनावर घेणं, कामावर नाही

इथे जरा रेंगाळते, कारण खरा घोळ इथेच होतो.

आधी हिशेब. प्रकाशनात काम करणाऱ्यांना तो तोंडपाठ असायला हवा, पण परक्या गावात कुणाला आठवत नाही. ए-फोर कागद म्हणजे एक चौरस मीटरचा सोळावा भाग. ११५ जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला ११५ ग्रॅम वजनाच्या) आर्ट पेपरचं एक पान साधारण ७.२ ग्रॅमचं. शंभर पृष्ठांचा कॅटलॉग म्हणजे पन्नास पानं, ३६० ग्रॅम, कव्हर धरून ४०० च्या घरात. असे वीस घेतले की ८ किलो. बहुतेक विमान कंपन्या केबिन बॅगेला ७-८ किलोच देतात. म्हणजे वीस स्टॉल हिंडून झाले की तुमची केबिन बॅग संपली, अंगावरचा स्वेटर सोडून काही उरलं नाही.

आता कामाचं. कॅटलॉग दोन जातींचे असतात आणि वरून सारखेच दिसतात. एक दुकानदारांसाठी: किंमत, बांधणी, प्रकाशनाची तारीख, एका खोक्यात किती प्रती. दुसरा हक्कांचा: प्रत्येक पुस्तकाखाली कुठल्या भाषांचे हक्क विकले गेलेत आणि त्यासाठी कुणाला लिहायचं ते असतं. पहिला जाड आणि चकचकीत असतो, दुसरा पुष्कळदा स्टेपल मारलेली पातळ पुस्तिका. आपण सगळे पहिल्यावर झडप घालतो. मराठी प्रकाशकाला उपयोग दुसऱ्याचा, आणि तो बाहेर मांडलेला असेलच असं नाही, मागावा लागतो. "फॉरिन राइट्स लिस्ट आहे का?" एवढं विचारलं तरी समोरचा माणूस तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघतो.

तीही कागदावर घ्यायला हवीच असं नाही. बहुतेकांकडे पीडीएफ असते. व्हिजिटिंग कार्ड द्या आणि मेलवर मागवा. कागदावर घेतलीच तर तिथेच उभ्या उभ्या कव्हरवर तारीख, भेटलेल्या माणसाचं नाव आणि एक शब्द लिहा. पुण्यात आल्यावर चाळीस कव्हरं सारखीच दिसतात. मी आता ‘चष्मा, हत्तीचं पुस्तक, हो म्हणाली’ असं काहीतरी खरडून ठेवते.

देशांच्या स्टॉलवरच्या पातळ पुस्तिका मात्र सोडू नका. नॉर्वेची नोर्ला, नेदरलँड्सचं लेटरेनफाँड्स, कोरियाची एलटीआय कोरिया, जर्मनीचं गोएथे-इन्स्टिट्यूट (आपल्या पुण्या-मुंबईतलं मॅक्स म्युलर भवन त्यांचंच) या संस्था आपल्या देशातली पुस्तकं परभाषेत जावीत म्हणून अनुवादाला पैशाचं साहाय्य देतात. निवडक पुस्तकांची ओळख आणि अर्जाचे नियम अशा पुस्तिकांत असतात. ५० ग्रॅमच्या या वस्तूपुढे गुळगुळीत कागदावरचा अख्खा कॅटलॉग फिका. पण तिच्यावर कार्टून नसतं, म्हणून लोक पुढे जातात.

फळीवरचं पुस्तक ‘फुकट’ समजणं

स्टॉलच्या फळीवर लावलेलं पुस्तक डिस्प्लेचं असतं, आणि बहुतेक वेळा ती एकच प्रत असते. ते उचलून पिशवीत टाकलं तर ती चोरी. मेळ्यात पुस्तकं चोरीला जातात ही तिथली जुनी डोकेदुखी आहे. ज्याच्या प्रती जास्त पळवल्या जातात ते पुस्तक बाजारात चालणार, असा विनोदही त्यावरून करतात. तुम्ही त्या विनोदाला हातभार लावू नका. चुकून आलंच पिशवीत, तर त्याच दिवशी परत नेऊन द्या. सॉरी म्हटलं की विषय संपतो, मी अनुभवाने सांगते.

शेवटच्या दिवशी काही स्टॉलवाले परत न्यायचा खर्च वाचवायला डिस्प्लेची पुस्तकं देऊन टाकतात, पण ते त्यांनी म्हणायला हवं. ‘अर्ध्या किमतीत देता का?’ हा आपला आवडता प्रश्न तर जर्मन स्टॉलवर विचारूच नका. तिथे २००२ चा कायदा आहे. पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवतो आणि नवं पुस्तक सगळ्यांनी त्याच किमतीला विकायचं. अपवाद खराब झालेल्या प्रतींचा. त्यांच्या कडेवर ‘मेंगेलएक्झेम्प्लार’ असा शिक्का असतो आणि त्या स्वस्तात मिळू शकतात.

प्रूफ प्रतीला पुस्तक समजणं

फुकट मिळणाऱ्या वस्तूंत सगळ्यात मोहात पाडणारी ही. पुस्तक बाजारात यायच्या आधी दुकानदार, ग्रंथपाल आणि परीक्षणकर्त्यांसाठी काढलेली प्रत. जर्मन प्रतीवर ‘लेझेएक्झेम्प्लार’ आणि विक्रीसाठी नाही, असं छापलेलं असतं. इंग्रजीवर ‘अनकरेक्टेड प्रूफ’.

अनकरेक्टेड हा शब्द शोभेसाठी नसतो. चुका राहिलेल्या असतात, प्रकरणं पुढेमागे होतात, कधी शेवटही बदलतो. तिच्यातलं वाक्य परीक्षणात उद्धृत करायचं तर अंतिम प्रतीशी ताडून बघा. परीक्षण अमुक तारखेआधी छापू नये, अशी सूचना आत असेल तर ती पाळा. आणि अनुवादकांनो, कृपा करून प्रूफवरून अनुवाद सुरू करू नका. माझ्या ओळखीच्या एका अनुवादिकेने उत्साहाच्या भरात साठ पानं केली, मग अंतिम मजकूर आला आणि त्यातली दोन प्रकरणं गायब. प्रूफच्या मागच्या कव्हरवर छापलेला पहिल्या आवृत्तीच्या प्रतींचा आकडाही प्रमाण धरू नका. अमेरिकी प्रूफवरचे हे आकडे फुगवलेले असतात, हे धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. आणि घरी आल्यावर जुन्या पुस्तकांच्या दुकानात विकू नका, एवढं सांगायला लागू नये.

किरकोळ, पण महागात पडणारं

कापडी पिशवी फुकट मिळेल म्हणून रिकाम्या हाताने जाऊ नका. फुकटच्या पिशव्यांचे बंद कसे शिवलेले असतात ते मी मेळ्याबाहेर, हातोडा मारणाऱ्या त्या २१ मीटर उंच काळ्या पुतळ्यासमोर पाहिलं. बंद तुटला आणि सगळा ऐवज ओल्या फरशीवर. भाजी आणायची जाड पिशवी घरून न्या.

स्टॉलवर वाडग्यात ठेवलेल्या गमी बेअरमध्ये (अस्वलाच्या आकाराच्या चघळायच्या गोळ्या) जिलेटिन असतं, तिथे बहुधा डुकराचं. शाकाहारी असाल किंवा घरी पोरांसाठी मूठभर खिशात टाकणार असाल तर आधी विचारा.

पेनड्राइव्ह मिळाला तर ऑफिसच्या कंप्युटरला लावू नका. पॉवर बँक मिळाली तर ती चेक-इन बॅगेत टाकू नका, ती केबिनमध्येच न्यायची असते. मधाची बरणी, वाइनची छोटी बाटली याचं उलटं: ती चेक-इनमध्ये, मोज्यात गुंडाळून.

स्टॉलवर बॅज स्कॅन करून काही देत असतील तर ते फुकट नाही, तुमचा ईमेल पत्ता ही त्याची किंमत. मेळ्यासाठी वेगळा पत्ता काढून ठेवा. मी नाही काढला, आणि अजूनही मला आठवड्याला पुठ्ठ्याच्या खोक्यांची जाहिरात येते.

बॅग भरलीच, आता काय?

काटा हॉटेलातच लावा. पाचशे रुपयांचा हाताने धरायचा काटा मिळतो. आदल्या रात्री सगळं पलंगावर पसरा आणि प्रत्येक कॅटलॉगमधलं कामाचं पान मोबाइलवर टिपून घ्या. हक्कांच्या याद्या, हाताने काही लिहिलेलं आणि अनुदानाच्या पुस्तिका एका बाजूला. बाकीचं हॉटेलच्या कागदाच्या कचऱ्यात, तो तिथे वेगळा घेतात. कुरिअरचा विचार करत असाल तर आधी दर विचारा, बहुतेक वेळा पाठवणी पुस्तकापेक्षा महाग पडते.

माझ्या त्या पहिल्या वर्षाच्या ढिगातली दोन पानं होती एका छोट्या स्टॉलवरच्या बाईंनी दिलेली हक्कांची यादी, कोपऱ्यात पेनाने लिहिलेल्या मेलपत्त्यासह. त्यातलं एक चित्रपुस्तक आम्ही मराठीत काढलं. रबरी बदक अप्पांनी ठेवून घेतलं, पंख्याखाली प्रूफं उडू नयेत म्हणून. प्रूफं उडतातच, बदक त्यांच्याबरोबर खाली पडतं, आणि अप्पा ते उचलून परत ठेवतात.