मेटलकोअर अल्बममध्ये पाहुणा गायक घेताय? आधी त्याची पट्टी विचारा

आमच्या मेटलकोअर (हेवी मेटल आणि हार्डकोर पंकचं मिश्रण) अल्बममधल्या चौथ्या गाण्याची गिटार आम्ही दोनदा रेकॉर्ड केली, कारण पाहुण्याला सगळ्यात शेवटी बोलावलं. गाणं ड्रॉप सीमध्ये, म्हणजे गिटारची सगळ्यात जाड तार सी सुरापर्यंत उतरवलेली, पेटीच्या भाषेत पांढरी एक. गायला येणार होते शेजारचे भजनी मंडळातले काका, त्यांची पट्टी, म्हणजे गाताना धरायचा सा, काळी एक. फरक अर्ध्या सुराचा, पण तेवढं खाली उतरल्यावर त्यांच्या आवाजाची धारच गेली. सॉफ्टवेअरनं गिटार वर ओढून पाहिली, ती पत्र्यासारखी वाजायला लागली. शेवटी तारा अर्धा सूर चढवल्या आणि सगळं नव्यानं वाजवलं. म्हणून पाहुणा आधी ठरवा, त्याची पट्टी विचारा, मग गिटारीला हात लावा.

तुमच्या गायकाकडे जो आवाज नाही, तो शोधा. किलस्विच एन्गेज या अमेरिकन मेटलकोअर बँडच्या २०१९ च्या ‘अटोनमेंट’ अल्बममध्ये त्यांचा जुना गायक हॉवर्ड जोन्स ‘द सिग्नल फायर’ गाण्यासाठी परत आला आणि बँडचा तेव्हाचा गायक जेसी लीचसोबत गायला. ते ऐका, दोन गळे कसे वेगळे उभे राहतात ते कळेल. जागाही मोकळी ठेवा. काकांच्या आठ बारमध्ये (एक बार म्हणजे चार ठोके) आम्ही एक गिटार पूर्ण बंद केली.

हेडफोनमध्ये वेग धरून देणाऱ्या क्लिकच्या टिकटिकीवर काकांना गाता येईना. गाण्याचा वेग मिनिटाला १६० ठोके, पण त्या जागी लय निम्मी, म्हणजे ८०. मग क्लिक काढून हेडफोनमध्ये भजनी ठेका लावला. आठ मात्रा, दोन बारमध्ये नेमका बसतो. काकांनी डोळे मिटले, मांडीवर बोटं धरली आणि म्हणाले, “हां, आता बसलं बघ.” तिसराच टेक अल्बममध्ये आहे.

खोलीसाठी घरातल्या सोलापुरी चादरी काढा. गायकाच्या मागं आणि दोन्ही बाजूंना दोरीवर दुहेरी टाका, भिंतीपासून वीतभर सोडून. खोलीतला घुमारा कमी होतो. बाहेरचा आवाज मात्र चादर अडवत नाही. आमच्या गल्लीत यंत्रमाग आहेत, त्यामुळं कामगारांच्या जेवणाच्या सुट्टीतच रेकॉर्डिंग केलं. पंखा बंद ठेवावा लागतो, तेव्हा मे महिन्यात कुणाला बोलावू नका.

स्क्रीम करणाऱ्याला, म्हणजे किंचाळत गाणाऱ्याला, साधा डायनॅमिक माइक (स्टेजवर हातात धरतात तसला) पुरतो. जाळी मुठीत धरू देऊ नका, आवाज कोंदट होतो. गाण्याआधी शेंगाचटणी-भाकरीचा आग्रह करू नका, जेवण नंतर. घसा दुखला की त्या दिवसाचं काम तिथंच थांबवा.

पाहुणा पुण्यात बसून गाणार असेल तर त्याला वेग, पट्टी, शब्द आणि कच्चं मिक्स (सगळी वाद्यं एकत्र केलेली तात्पुरती फाइल) पाठवा. परत येणारी फाइल २४ बिट वेव्ह हवी, कुठलाही इफेक्ट न लावलेली, आणि गाण्याच्या अगदी पहिल्या बारपासून सुरू होणारी, मग तो तिसऱ्या मिनिटाला का गात असेना. नाहीतर प्रत्येक ओळ हातानं जुळवत बसावं लागतं.

मानधन आणि नाव कसं छापायचं, हे रेकॉर्डिंगच्या आधी लिहून घ्या. काकांनी पैसे घेतले नाहीत, नाव मात्र मंडळासकट छापायला सांगितलं. तसंच छापलं.