सामन्याच्या रात्रीचं डिझेल कसं वाचवाल

रात्रीच्या सामन्यात प्रकाशझोत बऱ्याचदा पूर्ण वेळ जनरेटरवर चालवतात. कारण साधं आहे: वीज क्षणभर गेली तरी मेटल हॅलाइड दिवा (मैदानांवरचा जुन्या पद्धतीचा झोतदिवा) विझतो आणि थंड होऊन पुन्हा पेटायला 10-15 मिनिटं घेतो. एलईडी लगेच लागतो. म्हणून आधी दिवे बदला, मगच जनरेटरला हात घाला; उलटा क्रम अंगाशी येतो.

एलईडी बसले की भार ग्रिडवर घ्या, शक्यतो दोन वेगळ्या फीडरवरून, म्हणजे वीज आणणाऱ्या दोन स्वतंत्र लाइनींवरून. जनरेटर राखीव ठेवा. तो भार उचलेपर्यंतचे काही सेकंद यूपीएसवर निभावतात. क्षमतेच्या 30 टक्क्यांखालच्या भारावर जनरेटर तासन्‌तास चालवू नका. डिझेल अर्धवट जळतं, एक्झॉस्टमध्ये काजळी नि तेलकट राप साचतो. म्हणून एका अवाढव्य जनरेटरपेक्षा दोन लहान बरे.

डिझेलचा हिशेब खरेदीच्या बिलावरून नको. सामन्याआधी आणि नंतर टाकीत डिपस्टिक (पातळी मोजायची पट्टी) घाला. दर लिटरमागे सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरा.

कार्बनच्या हिशेबात प्रेक्षकांचा प्रवास मात्र याहून मोठा मामला. वानखेडेला चर्चगेट, मरीन लाइन्स चालत गाठता येतात, पण शेवटची लोकल चुकेल असं वाटलं की लोक घरूनच गाडी काढतात. जादा लोकलचं वेळापत्रक तिकिटासोबतच पाठवा.