हॅस्केलमध्ये मॅट्रिक्स ट्रान्सपोज करताना थांबायचं कुठे?
हॅस्केल या प्रोग्रामिंग भाषेत मॅट्रिक्स (ओळी-स्तंभांचा तक्ता) साधारणपणे याद्यांची यादी म्हणून लिहितात: एक ओळ म्हणजे एक यादी. ट्रान्सपोज करायला, म्हणजे ओळींचे स्तंभ करायला, इंडेक्स (घटकाचा क्रमांक) लागतच नाही: प्रत्येक ओळीचं हेड (पहिला घटक) घ्या, ती झाली नवी पहिली ओळ, उरलेल्या भागावर, म्हणजे टेलवर, तेच फंक्शन पुन्हा चालवा. [[१,२,३],[४,५,६]] मधून आधी [१,४] निघतं, मग [२,५], मग [३,६].

गोची पुढे आहे. शेवटी हातात [] (रिकामी यादी) नाही, [[],[]] उरतं. फक्त [] साठी थांबण्याची अट लिहिलीत, तर रिकाम्या यादीचं हेड मागून प्रोग्राम आपटतो. (मी यात अख्खी संध्याकाळ घालवली आहे.) म्हणून पहिली ओळ रिकामी असतानाची अटही लिहा. पण [] ची काढू नका, नाहीतर रिकाम्या मॅट्रिक्सवर रिकर्जन (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावणं) थांबतच नाही.

उत्तराची प्रत्येक ओळ रिव्हर्स केलीत, की मॅट्रिक्स घड्याळाच्या दिशेने ९० अंशांत फिरलं.