बेअरिंग पुन्हा पुन्हा का जाते? क्लचपासून क्रँकपर्यंतची तपासणी

आमच्या गाडीचे इंजिन दोन वर्षांत दुसऱ्यांदा उघडावे लागले, तेव्हा नाशिकच्या अंबडमधल्या एका वर्कशॉपच्या टेबलावर ठेवलेले दोन अर्धचंद्राकृती थ्रस्ट वॉशर, म्हणजे क्रँकशाफ्टला (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याला) पुढेमागे सरकू न देणाऱ्या चकत्या, मी हातात घेऊन पाहिले. पुलीकडच्या, म्हणजे इंजिनच्या पुढच्या टोकाकडच्या, वॉशरवरचा करडा थर जवळजवळ जसाच्या तसा होता, तर फ्लायव्हीलकडचा, म्हणजे क्लचच्या बाजूचा, वॉशर झिजून तांबूस झाला होता आणि त्याच्यावरच्या तेलाच्या खाचा बोटाला लागतही नव्हत्या. पहिल्या दुरुस्तीच्या वेळी गॅरेजने बेअरिंगचे एक आणि क्लचचे एक अशी दोन बिले दिली होती, आणि या दोन बिघाडांचा एकमेकांशी संबंध असेल, असे त्यांच्या मनात आले नाही. खरे सांगायचे तर माझ्याही आले नाही.

संबंध असा आहे. क्लचचे पेडल दाबले की रिलीज बेअरिंग (पेडलचा जोर क्लचवर पोचवणारे बेअरिंग) क्लच आवळून धरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या बोटांवर शंभर किलो किंवा त्याहून अधिक जोर लावते. तो जोर फ्लायव्हीलमार्गे क्रँकशाफ्टवर येतो आणि नेहमीच्या ढकलत्या पद्धतीच्या क्लचमध्ये क्रँकशाफ्ट पुलीच्या दिशेने सरकू पाहतो. त्याला अडवणारी एकच जागा असते, ती म्हणजे थ्रस्ट वॉशर किंवा कॉलर असलेले मेन बेअरिंग (क्रँक ब्लॉकमध्ये ज्यांवर फिरतो त्यांपैकी एक). बाकीच्या बेअरिंगांना पंपाच्या दाबाचे तेल मिळते, पण थ्रस्टच्या सपाट तोंडाला शेजारच्या बेअरिंगच्या कडेने झिरपलेल्या तेलावरच भागवावे लागते. क्षणभराचा दाब ते सहज सोसते. पाय पेडलवर सतत टेकलेला असेल, किंवा क्लचवरचा दाबच आतून पूर्ण सुटत नसेल, तर मात्र तेलाचा थर तुटतो आणि धातूवर धातू घासू लागतो.

म्हणून पहिली तपासणी इंजिन न उघडता करावी. इंजिन बंद करून किल्ली काढावी, गिअर न्यूट्रलला ठेवावा, हँडब्रेक ओढावा आणि बॉनेट उघडून कोणाला तरी क्लच दाबायला व सोडायला सांगावे. आपण क्रँक पुलीकडे टॉर्चने पाहत राहावे. पुली डोळ्याला दिसेल इतकी पुढेमागे होत असेल, तर थ्रस्ट गेला असे समजून गाडी पुन्हा चालू करू नये, कारण अशा अवस्थेत वॉशर सुटून ऑइल चेंबरमध्ये पडू शकतो आणि मग क्रँक थेट ब्लॉकला खातो. काही दिसले नाही म्हणून निर्धास्त होण्याचेही कारण नाही. नव्या इंजिनात ही हालचाल साधारण 0.05 ते 0.25 मिलिमीटर असते आणि बऱ्याच गाड्यांत 0.30 च्या आसपास मर्यादा संपते. अचूक आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्यावा. इतका सूक्ष्म फरक डोळ्याला कळत नाही, त्यासाठी डायल गेजचे (घड्याळासारख्या तबकडीच्या मापकाचे) टोक पुलीवर टेकवून क्रँक दोन्ही बाजूंना ढकलून पाहावा लागतो.

पुढची खूण कानाने ओळखता येते. आयडलवर क्लच दाबताच इंजिनचा आवाज बदलतो, आरपीएम खाली बसतो किंवा इंजिन बंद पडू पाहते, तेव्हा संशय थ्रस्टवर घ्यावा. क्रँक सेन्सरचा एखादा एरर कोड अधूनमधून येतो, मागच्या सीलमधून तेल गळून क्लच प्लेट चिकट होते आणि गाडी सोडताना थरथरते, क्लच कधी उंचावर तर कधी तळाशी पकडतो, या तक्रारी वरवर निराळ्या वाटल्या तरी मूळ एकच असू शकते. नुसती प्लेट बदलून थरथर थांबेल, अशी आशा तेव्हा धरू नये.

आता क्लचकडे वळावे. केबलच्या क्लचमध्ये पेडलला बोटाने जाणवेल अशी थोडी मोकळी चाल हवीच. ती नसेल तर रिलीज बेअरिंग अखंड टेकलेले राहते. हायड्रॉलिक क्लचमध्ये, विशेषतः गिअरबॉक्सच्या आत स्लेव्ह सिलिंडर (तेलाच्या दाबाने रिलीज बेअरिंग ढकलणारा) असलेल्या गाड्यांत, बेअरिंग हलके टेकलेले असणे हीच रचना असते, तेव्हा तिथे जबरदस्तीने ढिलाई करायला जाऊ नये. तिथे पाहायचे ते वेगळेच. पेडल दोन-चारदा दाबून पूर्ण सोडावे आणि मग ब्लीडर (लाइनमधली हवा काढायचा स्क्रू) किंचित उघडावा. तेल नुसते ओघळले तर ठीक, पण दाबाने उडाले तर पेडल सोडूनही लाइनमध्ये दाब कोंडलेला आहे. पेडलजवळच्या मास्टर सिलिंडरचे परतीचे छिद्र बुजणे, रबरी होज आतून फुगणे किंवा पेडलच्या पुशरॉडला (पेडल आणि मास्टर सिलिंडर यांच्यामधल्या दांडीला) अजिबात ढिलाई नसणे, ही त्याची नेहमीची कारणे होत. आमच्या गाडीत हे तिसरे कारण निघाले. क्लच लवकर सुटावा म्हणून पहिल्या दुरुस्तीत कोणीतरी पुशरॉड लांब केला होता. त्यात नाशिकच्या द्वारका चौकातल्या कोंडीत क्लचवर पाय ठेवून बसण्याची माझी सवय भर घालत होती, हेही कबूल करायला हवे.

गिअरबॉक्स उतरवल्यावर इंजिन आणि बेल हाउसिंग (गिअरबॉक्सचे क्लचवरचे आवरण) यांना अचूक जुळवणाऱ्या डॉवेल पिना जागेवर आहेत की नाहीत, हे आवर्जून पाहावे. घाईत त्या हरवतात, मग गिअरबॉक्स केसभर तिरका बसतो आणि क्लच प्लेटचा हब तुटतो किंवा इनपुट शाफ्टचे बेअरिंग गुणगुणू लागते. घसरणाऱ्या क्लचवर उपाय म्हणून कंपनीच्या मापापेक्षा जड प्रेशर प्लेट बसवली गेली असेल, तर तोही जोर शेवटी थ्रस्टवरच जातो.

इंजिनची अर्थिंग सहसा कोणी तपासत नाही, पण अर्थची पट्टी तुटलेली असली की स्टार्टरचा करंट मिळेल त्या वाटेने, म्हणजे बेअरिंगांतून किंवा क्लच केबलमधूनही, जातो. बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल आणि इंजिन ब्लॉक यांच्यात मीटर लावून सेल्फ मारावा, 0.2 व्होल्टपेक्षा बराच अधिक आकडा आला तर पट्टी बदलावी.

इंजिन उघडावेच लागले तर जुनी बेअरिंगे भंगारात टाकण्याआधी क्रमाने मांडून ठेवावीत, कारण खरा जबाब तीच देतात. फक्त थ्रस्टची फ्लायव्हीलकडची बाजू झिजली असेल तर दोष क्लचचा. मेनचे खालचे अर्धे आणि कनेक्टिंग रॉडचे वरचे अर्धे शेल (बेअरिंगच्या अर्धगोल पट्ट्या) खाल्लेले असतील तर इंजिनवर कमी आरपीएमला जास्त ओझे पडले आहे. कसारा घाट भरलेल्या गाडीने चौथ्या गिअरमध्ये कण्हत चढणाऱ्यांच्या इंजिनात हे दिसते. सगळ्या शेलांवर फिरण्याच्या दिशेने रेघोट्या असतील तर तेलात कचरा, आणि सगळ्याच शेलांवरचा थर पुसल्यासारखा गेला असेल तर तेलाचा तुटवडा समजून पंप आणि चेंबरमधली जाळी तपासावी. मधली एक-दोनच बेअरिंगे गेली असतील तर क्रँक वाकला आहे की ब्लॉकची बोअर ओळीत नाही, हे मोजून घ्यावे.

क्रँक ग्राइंडिंगला देताना जर्नलचे (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या क्रँकच्या गोल भागाचे) माप सगळे घेतात, पण थ्रस्टच्या तोंडाची पॉलिश बघत नाहीत. ते तोंड खरबरीत राहिले तर नवा वॉशर काही हजार किलोमीटरांतच संपतो. वॉशर बसवताना तेलाच्या खाचा क्रँककडे असाव्यात, ब्लॉककडे नव्हे. वेगळे वॉशर नसून कॉलरचे बेअरिंग असेल, तर कॅप पूर्ण आवळण्यापूर्वी क्रँक दोन्ही दिशांना ढकलून दोन्ही अर्ध्यांची तोंडे एका पातळीत आणावीत. शेल आणि जर्नलमधली फट प्लास्टिगेजने (फटीत चेपला की रुंदीवरून माप देणाऱ्या धाग्याने) मोजून कागदावर लिहावी. मिस्त्रीचा हात कितीही सराईत असला तरी नुसते फिरवून पाहिल्याने शतांश मिलिमीटर कळत नाही.

निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत पारा खाली जातो, तेव्हा रात्रभर उभ्या गाडीच्या थ्रस्टवर तेल फारसे उरत नाही. क्लच दाबल्याशिवाय स्टार्ट न होणारी गाडी असेल तर इंजिन लागताच पेडल सोडावे आणि तेलाचा दिवा विझेपर्यंत रेस करू नये. जोडणीच्या दिवशीची क्रँकची चाल सर्व्हिस बुकात लिहावी आणि पहिल्या ऑइल बदलाला पुन्हा मोजावी. आमच्या गाडीत ती जोडताना 0.12 मिलिमीटर होती, ऑइल बदलाच्या वेळी 0.13 भरली.