मेसेजमुळे पैसे गेले? पहिल्या तासात आणि त्यानंतर या चुका टाळा

फसवा मेसेज ओळखता आला नाही, ही पहिली चूक. ती कुणाच्याही हातून होते. पण पैसे गेल्याचं कळल्यानंतर जी धावपळ होते, तिच्यातल्या चुका त्याहून महाग पडतात. खात्यातून निघालेली रक्कम थेट चोराच्या खिशात जात नाही. आधी ती भाड्याने घेतलेल्या कुणाच्या तरी खात्यात जाते (पोलिसांच्या भाषेत 'म्यूल' खातं), तिथून तुकडे होऊन आणखी काही खात्यांत, आणि मग एटीएम, वॉलेट किंवा क्रिप्टोच्या वाटेने बाहेर. रक्कम या साखळीतल्या एखाद्या खात्यात आहे तोवरच ती अडवता येते. पुढे लिहिलेलं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

मजकूर वाचता, पण पाठवणारा कोण ते बघत नाही

महाराष्ट्रात सर्वाधिक फिरलेल्या मेसेजांपैकी एक घेऊ. "प्रिय ग्राहक, मागील महिन्याचे बिल अपडेट न झाल्याने आज रात्री ९.३० वाजता आपला वीजपुरवठा खंडित करण्यात येईल. त्वरित वीज अधिकाऱ्यांशी संपर्क साधा." खाली दहा आकडी मोबाईल नंबर.

यात खोट कुठे आहे? थकबाकीसाठी वीज तोडायची तर वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे आधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. 'आज रात्री' हा प्रकार कायद्यातच नाही. दुसरं, महावितरणचे मेसेज कुणाच्या मोबाईल नंबरवरून येत नाहीत. पाठवणाऱ्याच्या जागी व्हीएम-एमएसईडीसीएल, व्हीके-एमएसईडीसीएल अशी अक्षरं असतात. तिसरं, त्यात ग्राहक क्रमांकही नाही आणि थकबाकीचा आकडाही नाही. पाठवणाऱ्याला तुमचं बिल माहीतच नसतं, त्यामुळे ते लिहिणार कुठून? शंका आली तर मेसेजमधल्या नंबरवर नको, १९१२ वर फोन करा.

त्या मोबाईल नंबरवर फोन केलात तर पुढचा खेळ ठरलेला असतो. "बिल भरलंय पण सिस्टीमला दिसत नाही, एक ॲप टाका आणि फक्त दहा रुपये भरा." ॲप एनीडेस्क किंवा क्विकसपोर्टसारखं, म्हणजे तुमचा स्क्रीन त्याला दाखवणारं. त्याला दहा रुपयांशी काही देणंघेणं नसतं. ते भरताना तुम्ही टाइप केलेला कार्डाचा नंबर, नेटबँकिंगचा पासवर्ड आणि वरून टपकणारा ओटीपी त्याला वाचायचा असतो. खरी रक्कम त्यानंतर जाते.

व्यावसायिक मेसेजच्या हेडरला, म्हणजे पाठवणाऱ्याच्या जागी दिसणाऱ्या अक्षरांना, २०२५ पासून शेवटी एक अक्षर जोडलेलं दिसतं. व्यवहाराचा असेल तर टी, सेवेचा एस, सरकारी जी, जाहिरातीचा पी. 'तुमचं खातं आज बंद होणार' असा मेसेज पी हेडरवरून आला तर तो बँकेचा इशारा नव्हे, हे उघड आहे. मात्र हेडर बरोबर दिसलं म्हणून मेसेज खरा, असं उलटं समजू नका. दुसऱ्यांच्या हेडरचा गैरवापर झालेला आहे.

लिंकमध्ये बँकेचं नाव दिसलं की विश्वास बसतो

पत्ता डावीकडून वाचायची सवय इथे घात करते. 'एचटीटीपीएस'नंतरच्या दोन तिरक्या रेघा सोडा, त्यापुढची पहिली तिरकी रेघ शोधा आणि तिच्या लगेच आधी काय आहे ते बघा. पत्त्याचा मालक तिथे असतो. त्याच्या डावीकडे कुणीही कुठल्याही बँकेचं नाव लिहू शकतो. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन'वर यायला सांगितलं होतं, त्यामुळे बँकेच्या नावाने आलेली लिंक तिथे संपत नसेल तर ती उघडायचीच नाही. सरकारी संकेतस्थळ 'डॉट गव्ह डॉट इन' किंवा 'डॉट एनआयसी डॉट इन'वर संपतं. मधल्या ठिपक्याच्या जागी आडवी रेघ असली, म्हणजे 'गव्ह-इन डॉट कॉम' वगैरे, तर ते बनावट. केवायसी, पॅन जोडणी, पोस्टाचं अडकलेलं पार्सल, रिवॉर्ड पॉइंट संपत आलेत, हे सगळे एकाच माळेचे मणी.

चलन आलं म्हणून फाइल उघडता

वाहतूक पोलिसांच्या नावाने 'आरटीओ चलन' अशी एपीके फाइल (म्हणजे अँड्रॉइड फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल) येते. बऱ्याचदा ती ओळखीच्याच माणसाच्या व्हॉट्सॲपवरून येते, कारण त्याचा फोन आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असतो आणि फाइल स्वतःच पुढे पसरते. चलन म्हणजे कागद. त्याला ॲप लागत नाही. महाराष्ट्रातलं चलन महाट्रॅफिक ई-चलनच्या सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून दिसतं.

फाइल इन्स्टॉल केली की ती एसएमएस वाचायची परवानगी मागते. ती मिळाली की ओटीपी परस्पर चोराकडे जातात, आणि तुम्ही कुणालाही ओटीपी सांगितला नाही तरी खातं रिकामं होतं. "मी तर कुणाला काही दिलंच नाही" म्हणणाऱ्यांच्या फोनमध्ये आधी हे शोधावं.

'चुकून आले' म्हटल्यावर पैसे परत पाठवता

खात्यात ५,००० जमा झाल्याचा मेसेज येतो आणि मागोमाग फोन: "चुकून तुमच्याकडे आले, आईचं ऑपरेशन आहे, परत पाठवा." मेसेज साध्या मोबाईल नंबरवरून आलेला असतो, खात्यात काहीच नसतं. मेसेज बाजूला ठेवा, बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक बघा. आणि पैसे खरोखर आले असतील तरी स्वतः पाठवू नका, बँकेला लेखी कळवा आणि तिच्यामार्फतच परत जाऊ द्या. ते दुसऱ्या कुणाचे चोरलेले पैसे असू शकतात, आणि मग तुमचंच खातं गोठतं. आणखी एक: पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही.

पैसे गेल्यावर आधी शाखेत धावता

इथून पुढचा भाग महत्त्वाचा. शाखा सकाळी उघडेल, मॅनेजर भेटेल, अर्ज लिहू, या विचारात रात्र जाते. पहिला फोन १९३० वर. हा राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनचा नंबर आहे. इथे नोंद झाली की तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, थेट संबंधित बँकेकडे जातं. रक्कम त्या खात्यात असेल तर बँक ती रोखून धरते. पुढे गेली असेल तर कुठे गेली ते नोंदवून तिकीट पुढच्या बँकेकडे सरकतं. शाखेतल्या अर्जाने हे होत नाही, कारण तुमच्या बँकेचा दुसऱ्या बँकेतल्या खात्यावर अधिकार नसतो.

फोन लावण्याआधी दोन मिनिटं घालवून हे कागदावर लिहून घ्या:

- तुमच्या बँकेचं नाव, खाते क्रमांक किंवा कार्डाचा नंबर, नोंदवलेला मोबाईल
- प्रत्येक व्यवहाराची रक्कम, तारीख, वेळ
- व्यवहार क्रमांक. यूपीआय आणि आयएमपीएसचा १२ आकडी असतो. यूपीआय ॲपच्या व्यवहार इतिहासात किंवा खाते उताऱ्यात सापडतो
- पैसे ज्याला गेले तो यूपीआय आयडी, खातं किंवा दुकानाचं नाव

चार व्यवहार झाले असतील तर चारही सांगा. एकूण बेरीज सांगून चालत नाही. तिकीट व्यवहार क्रमांकावर चालतं, बेरजेवर नाही. एक आकडा चुकला तरी समोरची बँक 'असा व्यवहार नाही' म्हणून तिकीट परत करते, आणि तेवढ्यात पैसे पुढच्या खात्यात गेलेले असतात. लाइन व्यग्र लागली तर वाट बघत बसू नका, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर आर्थिक फसवणुकीची तक्रार भरायला घ्या. फोनवर नोंद झाली असेल तर मेसेजने पोचक्रमांक येतो, आणि त्या क्रमांकावर पोर्टलवरची सविस्तर तक्रार २४ तासांत पूर्ण करायची असते. फोन केला म्हणजे काम झालं असं समजून हे राहून जातं. घटनेचं वर्णन किमान २०० अक्षरांचं लागतं. आधी कुठेतरी लिहून ठेवा आणि तिथे चिकटवा.

१९३० नंतर लगेच बँकेचा हेल्पलाइन नंबर, कार्डाच्या मागे छापलेला. गूगलवर शोधू नका, तिथे 'कस्टमर केअर' नावाने चोरांचेच नंबर पेरलेले असतात. कार्ड, यूपीआय, नेटबँकिंग तिन्ही बंद करायला सांगा आणि तक्रार क्रमांक घ्या. पैसे एखाद्या वॉलेटमध्ये किंवा ऑनलाइन दुकानात गेल्याचं डेबिटच्या मेसेजमध्ये दिसत असेल तर त्या कंपनीलाही त्याच वेळी कळवा. चोर पुष्कळदा गिफ्ट व्हाउचर किंवा मोबाईल विकत घेतात, आणि माल निघायच्या आत ऑर्डर रद्द होऊ शकते.

घाबरून फोन रीसेट करता

एपीकेचा संशय असेल तर वाय-फाय आणि मोबाईल डेटा दोन्ही बंद करा. नुसत्या एअरप्लेन मोडवर विसंबू नका, बऱ्याच फोनमध्ये वाय-फाय त्यातही चालू राहतं. सिम काढून साध्या बटनाच्या फोनमध्ये टाका. ओटीपी तिथे येतील, चोराला मिळणार नाहीत, आणि १९३० ला फोनही तिथूनच लागेल.

मूळ फोन लगेच पुसून टाकू नका. तो मेसेज, पाठवणाऱ्याचा नंबर, चॅट, फाइलचं नाव, कॉलची यादी, या सगळ्याचे फोटो दुसऱ्या फोनने काढा, तारीख-वेळ दिसेल असे. हाच पुरावा. मग सेटिंग्जमधल्या ॲपच्या यादीत अनोळखी ॲप शोधा. असल्या ॲपचं चिन्ह पुष्कळदा पडद्यावर दिसत नाही. अनइन्स्टॉलचं बटन फिकं असेल तर आधी 'डिव्हाइस ॲडमिन' आणि 'ॲक्सेसिबिलिटी'मधून त्याची परवानगी काढावी लागते. पुरावा जपल्यावर आणि पोलिसांना तपासासाठी तो फोन नको असल्याची खात्री केल्यावर रीसेट करा, सगळे पासवर्ड आणि पिन दुसऱ्या फोनवरून बदला.

अर्जात 'माझी फसवणूक झाली' एवढंच लिहिता

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिलेल्या नियमांप्रमाणे, तुमच्या परवानगीशिवाय झालेला व्यवहार, ज्यात चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, तो बँकेचा मेसेज मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला तर तुमची जबाबदारी शून्य. मेसेज मिळाल्याचा दिवस यात धरत नाहीत. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्यावर कमाल १०,००० रुपयांचा भार तुमच्यावर येतो. त्यापुढे बँकेच्या धोरणावर. तुम्ही स्वतः ओटीपी किंवा पिन दिला असेल तर कळवण्याआधीचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर झालेलं बँकेचं. म्हणून तक्रारीची वेळ सोन्यासारखी आहे: फोन केल्याची वेळ, तक्रार क्रमांक आणि शाखेचा शिक्का असलेली अर्जाची पोच, तिन्ही जपा.

अर्जात खरं तेच लिहा, पण नेमकं लिहा. 'मी पाठवले' आणि 'माझ्या परवानगीशिवाय गेले' यांत कायद्याने मोठा फरक आहे. एपीकेने ओटीपी चोरला असताना घाबरून "ओटीपी दिला गेला" असं लिहिणारे आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतात. या नियमांचा उल्लेख करा आणि १० कामकाजाच्या दिवसांत तात्पुरती रक्कम जमा करण्याची मागणी करा; निकाल ९० दिवसांत लागायला हवा. ग्राहकाची चूक सिद्ध करायची जबाबदारी बँकेची आहे. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही. माहितीसाठी १४४४८.

'होल्ड' झाले म्हणजे परत आले असं समजता

पोर्टलवर काही रक्कम रोखल्याचं दिसतं आणि माणूस निर्धास्त होतो. ती रक्कम दुसऱ्या बँकेत नुसती अडकलेली असते. बहुतेकदा ती सोडवायला न्यायालयाचा आदेश लागतो. सायबर पोलिसांकडून कोणत्या बँकेत किती रक्कम रोखली त्याचा तपशील घ्या. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज करा (१ जुलै २०२४ पूर्वी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४५७ होतं). सोबत तक्रारीची किंवा एफआयआरची प्रत, खाते उतारा, ओळखपत्र. न्यायालय पोलिसांचं म्हणणं मागवतं आणि हमीपत्र घेऊन आदेश देतं. तो आदेश बँकेपर्यंत पोचवायचा पाठपुरावा बहुतेकदा आपल्यालाच करावा लागतो. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

या काळात "सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, सोडवायला प्रोसेसिंग फी भरा" असा फोन येण्याची शक्यता दाट असते. एकदा फसलेल्यांचे नंबर या लोकांत विकले जातात, आणि तुम्ही समाजमाध्यमावर तक्रार लिहिली असेल तर तिथूनही उचलतात. गेलेली रक्कम, तारीख, बँक सगळं ते बरोबर सांगतील. रक्कम परत करायला पोलीस, बँक किंवा रिझर्व्ह बँक फोनवर फी मागत नाहीत. असा नंबर आला की आपल्या मूळ तक्रारीत तो जोडायला सांगा, आणि 'संचार साथी' या सरकारी पोर्टलवरच्या 'चक्षू' या तक्रार सुविधेतही नोंदवा.