कुत्र्याचं पिल्लू चपला कुरतडतंय?
साधारण 3 ते 6 महिन्यांत पिल्लाचे दुधाचे दात पडून पक्के येतात. हिरड्या शिवशिवतात, मग जे सापडेल ते चावायचं. आमच्या सांगलीच्या घरात एका कोल्हापुरीचा अंगठाच गायब झाला! मागाहून ओरडू नका, कशाबद्दल ते त्याला कळत नाही. जुन्या सुती फडक्याला घट्ट गाठ मारा, भिजवून फ्रीझरमध्ये गार करा आणि चपलेच्या बदल्यात ते द्या. मात्र समोर बसून, धागे गिळायला नकोत. शिजवलेली हाडं नकोच, फुटून टोचतात. मोठा कुत्रा कुरतडत असेल तर बहुतेकदा कंटाळा असतो, फिरवणं वाढवा. आणि हो, तासगावच्या बेदाण्यांची पिशवी वर ठेवा. द्राक्षं-बेदाण्यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. खाल्लेच तर लगेच डॉक्टर गाठा.