उसाच्या खोडकिडीसाठी ट्रायकोकार्ड: कधी, किती आणि कसे लावायचे

ट्रायकोकार्ड वाया जाते ते बहुतेक वेळा तारीख चुकल्यामुळे. हे कार्ड म्हणजे ट्रायकोग्रामा नावाची माशी आत वाढत असलेली अंडी चिकटवलेला कागद. त्यातून निघणारी ही चिमुकली गांधीलमाशी अळीला हात लावत नाही, पतंगालाही नाही. ती फक्त किडीच्या अंड्यात आपले अंडे घालते आणि तेही अंडे ताजे असेल तरच. पोंगे वाळलेले दिसल्यावर कार्ड आणले, तर ते पोंगे वाळवणारी अळी केव्हाच खोडात शिरलेली असते. म्हणून आधी या माशीची ओळख करून घ्या आणि मग कार्डाला हात घाला.

मुंग्या आणि मधमाश्या ज्या गणात येतात त्याच हायमेनोप्टेरा गणातली ही माशी. चॅल्सिडॉइडिया महाकुळ, ट्रायकोग्रॅमाटिडी कुळ. लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर, डोळे लाल, आणि पावलाला तीनच पेरे. ही तीन पेरे म्हणजे कुळाची खूण. कुळ असे ओळखता येते, पण ट्रायकोग्रामाच्या जाती नुसत्या डोळ्यांना सारख्याच दिसतात. नराच्या जननेंद्रियांच्या रचनेवरून त्या वेगळ्या करता येतात, हे सुधा नागरकट्टी आणि एच. नागराज या भारतीय संशोधकांनी १९६८ ते १९७१ या काळात दाखवून दिले. त्याआधी आपल्याकडच्या माशीला वेगवेगळ्या नावांनी ओळखले जाई. शेतकऱ्याच्या दृष्टीने यातला मुद्दा साधा आहे: 'ट्रायकोकार्ड द्या' एवढेच म्हणू नका, पाकिटावरची जात वाचा. उसाच्या खोडकिडीला आणि कांडी किडीला चिलोनिस. शेंडे किडीला जॅपोनिकम. मक्यावरच्या लष्करी अळीला प्रिटिओसम. गुलाबी बोंडअळीला ट्रायकोग्रॅमाटॉइडिया बॅक्ट्री, ही याच कुळातली पण वेगळ्या प्रजातीतली.

उसात पांढऱ्या रेशमी कोषांचा पुंजका दिसला तर तो ट्रायकोग्रामाचा नव्हे. तो कोटेशियाचा असतो. ती ब्रॅकोनिडी कुळातली गांधीलमाशी, खोडातल्या अळीच्या अंगात अंडी घालणारी. अळी काही दिवस खात-वाढत राहते आणि शेवटी कोटेशियाची पिल्ले तिचे अंग फोडून बाहेर येतात. असे कोष दिसले तर ते काढून टाकू नका.

कार्डावर चिकटवलेली अंडी असतात तांदळावरच्या पतंगाची, म्हणजे कॉर्सिराची. त्यांतून अळ्या निघू नयेत म्हणून प्रयोगशाळेत ती अतिनील किरणांखाली धरून निर्जीव करतात आणि मग माश्यांपुढे ठेवतात. २६ ते २८ अंश तापमानाला माशीच्या अंड्यातून साधारण एका दिवसात अळी निघते, आतला बलक खाते, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कॉर्सिराचे अंडे काळे पडते. आठव्या-नवव्या दिवशी माशी गोल भोक पाडून बाहेर येते. मिलन न झालेल्या मादीच्या अंड्यांतून फक्त नर निपजतात आणि नर शेतात निरुपयोगी. म्हणून जुनाट, वारंवार त्याच पैदाशीवर चालवलेल्या कार्डांपेक्षा ताजी कार्डे घ्यावीत.

कार्ड विकत घेताना अंडी परोपजीवी केल्याची, म्हणजे माशीने त्यांत आपली अंडी घातल्याची, तारीख विचारा. भिंगाने बघा: बहुतेक अंडी काळी आणि फुगीर हवीत. पांढरी, चपटी, सुरकुतलेली जास्त असतील तर परत करा. बऱ्याच अंड्यांना आधीच भोके पडली असतील तर माश्या पाकिटातच निघून गेल्या आहेत. गरज पुढे असेल तर ८ ते १० अंशांना फ्रिजच्या खालच्या कप्प्यात थोडे दिवस ठेवता येते, पण बर्फाच्या कप्प्यात कधीही नाही. गाडीच्या डिकीत, उन्हात तर मुळीच नाही.

सुरू उसात लागणीनंतर ३० ते ४५ दिवसांनी सुरुवात करा. मार्च ते मे हा खोडकिडीचा हंगाम. पतंग पानाच्या खालच्या बाजूला खवल्यांसारखी एकमेकांवर चढलेली चपटी, पांढरट अंडी ओळींत घालतो आणि ती चार ते सहा दिवसांत फुटतात. म्हणून एकदा कार्ड लावून भागत नाही. एकरी एक कार्ड, म्हणजे सुमारे २० हजार अंडी, दर १० दिवसांनी, अशा चार ते सहा वेळा. माशी फार लांब उडत नाही, पाच ते दहा मीटरच. त्यामुळे कार्ड मधोमध एकाच जागी टांगू नका. कात्रीने ४० पट्ट्या कापा आणि गुंठ्याला एक या हिशेबाने सगळीकडे वाटून लावा. कापताना अंड्यांवर बोट दाबू नका.

पट्टी पानाच्या खालच्या बाजूला, अंडी पानाकडे तोंड करून, स्टेपलरने अडकवा. वेळ संध्याकाळची, शक्यतो माश्या निघण्याच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी. कडक उन्हात आणि कोरड्या हवेत अंडी वाळतात, म्हणून पाणी दिल्यानंतर वाफशावर कार्ड लावलेले उत्तम. जोराचा पाऊस येणार असेल तर थांबा.

मुंग्या हा सगळ्यात दुर्लक्षित शत्रू आहे. सरीत मुंग्यांचे वारूळ असेल तर एका रात्रीत पट्टी कोरी होते. अशा ठिकाणी पट्टी दोऱ्याने टांगून दोऱ्यावर ग्रीसचे बोट फिरवा. दुसरा शत्रू फवारणी. कार्ड लावण्याच्या किमान आठ-दहा दिवस आधी आणि नंतर रासायनिक कीटकनाशक नको. सिंथेटिक पायरेथ्रॉइड मारले असेल तर आणखी जास्त दिवस थांबा. बीटी जिवाणूचे औषध मात्र माशीला बाधत नाही.

कार्ड लावल्यावर चार-पाच दिवसांनी शेतात फिरून खोडकिडीच्या अंड्यांचे १५-२० पुंजके पानासकट गोळा करा. इथे घोटाळा होतो. फुटायला आलेल्या निरोगी अंड्यातही अळीचे काळे डोके दिसते, पण ते ठिपक्यासारखे, एका टोकाला. परोपजीवी अंडे सबंध काळेभोर असते. शंका असेल तर पुंजका काचेच्या बाटलीत, तोंडाला पातळ कापड बांधून ठेवा: अळी निघाली की माशी, ते काही दिवसांत कळते. सबंध काळे पुंजके कमी निघाले तर पहिल्यांदा कार्डाची तारीख तपासा, मग पट्ट्यांची जागा, मग मुंग्या. कार्डांची संख्या वाढवायची ती त्यानंतर.